दुखणे ऐकून घेणारी : डॉ. आनंदीबाई जोशी

गेल्या भाद्रपदात माझी आजी नऊ दिवस दवाखान्यात होती. आमचे गाव ओवे, तालुका पनवेल. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सरकारी असो वा दवाखान्यातला, कोणताही कागद घरात आला की तो फिरत फिरत माझ्याच हाती येतो. केसपेपरवर आजीचे वय मीच अंदाजाने सांगितले, अंगठा कोठे उमटवायचा तेही मीच दाखवले. घरी सोडण्याच्या दिवशी एका सिस्टरने आणखी एक कागद माझ्या हाती ठेवला. त्यावर रुग्णाचे मत विचारलेले होते. डॉक्टर वेळेवर येत होते का, परिचारिकांची वागणूक कशी होती, स्वच्छता कशी होती, जेवण कसे होते, असे सहा-सात प्रश्न आणि प्रत्येकापुढे चौकोन. उत्तम, चांगले, साधारण, असमाधानकारक.

आजीला अक्षरओळख नाही. मी एकेक प्रश्न वाचून दाखवला. प्रत्येक प्रश्नाला तिने मान हलवून बरे आहे, एवढेच सांगितले. मी सगळीकडे उत्तमवर खूण केली, कागद परत दिला आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.

ती खूण खोटी होती हे मला तेव्हाही ठाऊक होते. आजीला ओटीपोटात दुखत होते आणि या वयात पुन्हा अंगावरून जात होते. पहिले चार दिवस तिने फक्त पोट दुखते एवढेच सांगितले. राऊंडला येणारे डॉक्टर तरुण होते. वाईट मुळीच नव्हते, पण घाईत असत. त्यांच्याबरोबर चार-पाच माणसे असत, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मोठा मुलगाही तेथेच बसलेला असे. एवढ्या माणसांत आजी काय बोलणार? मलाही तिने सांगितले नव्हते. पाचव्या रात्री एक वयस्क सिस्टर सलाईन बदलायला आल्या. बदलून झाल्यावर त्या लगेच गेल्या नाहीत. स्टूल ओढून आजीच्या उशाशी बसल्या आणि हळू आवाजात, आईने लेकीला विचारावे तसे त्यांनी तिला विचारले. आजीने सारे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी बाई-डॉक्टर तपासायला आल्या, उपचार बदलला आणि आजी बरी होऊन घरी आली.

त्या दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही, कारण मी तक्रार लिहायला बसलेली नाही. मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. चार दिवस दुखणे गिळून बसलेल्या बाईने बरे आहे असे म्हटले, तर तिला समाधानी समजायचे काय?

याच सुमारास आमच्या मराठीच्या बाईंनी मला महिला दिनाच्या कार्यक्रमात बोलण्यासाठी डॉ. आनंदीबाई जोशी हा विषय दिला. ग्रंथालयातून पुस्तके आणली. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई, एवढेच मला शाळेपासून ठाऊक होते. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की या बाईचे सारे आयुष्यच माझ्या प्रश्नाभोवती फिरलेले आहे. म्हणून वाचकहो, तिची कथा आज मी तुमच्यापुढे रुग्णाच्या बाजूने मांडणार आहे.

कल्याणची यमुना

आमच्या ओव्याहून तळोजा आणि शिळफाटा या वाटेने कल्याणला जाता येते. त्याच कल्याणातल्या एका जोशी कुटुंबात ३१ मार्च १८६५ रोजी यमुनेचा जन्म झाला. घराणे जुने, पण पूर्वीचे वैभव ओसरलेले. मुलगी नऊ वर्षांची झाली आणि १८७४ साली तिचे लग्न लागले. वर होते गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे. पोस्टात नोकरी, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. बायकोने शिकले पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी बायको पुस्तक हाती घेते म्हणून नवरे रागावत. येथे ती पुस्तक टाकून स्वयंपाकघरात गेली म्हणून नवरा रागवायचा! हा राग नुसता शब्दांचा नव्हता. लहान वयात आपण नवऱ्याच्या हातचा मार खाल्ला, हे आनंदीबाईंनी पुढे त्यांनाच पत्रातून स्पष्ट कळवले आहे. गोपाळरावांनी तिला घडवले हे खरे. त्या घडणीचे वळ तिच्या अंगावर उठले, हेही खरे. चरित्र लिहिताना यातले एक सांगून दुसरे झाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

चौदाव्या वर्षात आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

या एका वाक्यावर मी फार वेळ थांबले होते. बहुतेक पुस्तकांत हा प्रसंग दोन-तीन ओळींत उरकलेला असतो, आणि वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे मूल गेले, म्हणून तिने डॉक्टर होण्याचे ठरवले, असे पुढे लिहिलेले असते. पण मदत मिळाली नाही म्हणजे काय झाले असेल? कल्याण काही रानातले खेडे नव्हते. १८५४ पासून तेथे आगगाडी येत होती, मुंबई जवळ होती. अडचण अंतराची नव्हतीच. बाळंतिणीची खोली अंधारी, दारे-खिडक्या लावलेल्या, आत शेकशेगडीचा धूर, आणि मदतीला परंपरेने शिकलेली सुईण. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर सगळे पुरुष. परपुरुषाला नाडी दाखवणेही जेथे अवघड, तेथे बाळंतपणाचे दुखणे कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार? दवाखाना असूनही त्याच्या दारापर्यंत बाईचा आवाज पोहोचत नव्हता.

त्या पोरीच्या मनाने नेमकी हीच गोष्ट हेरली. औषध हवे, डॉक्टर हवा हे तर खरेच. पण त्याआधी, जिच्यापाशी मोकळेपणाने बोलता येईल अशी कुणीतरी हवी.

दातांच्या डॉक्टरकडे वाचलेले पत्र

गोपाळरावांची नोकरी बदलीची. कल्याणहून अलिबाग, मग कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि शेवटी बंगालात कलकत्ता व सेरामपूर. अलिबाग हे आज आपल्या रायगड जिल्ह्याचे ठाणे. आमच्या गावचे लोक कामासाठी तेथे जातात, त्यामुळे हे नाव वाचताना मला उगाचच जवळीक वाटली. प्रत्येक गावी तोच प्रकार होई. नवरा-बायको बरोबर फिरायला निघाले की लोक जमत, हसत, नावे ठेवत. त्या माऱ्यातही आनंदीबाई मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकत राहिल्या.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. बायकोला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, मदत होईल काय, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. धर्मांतर केल्यास पाहता येईल अशा अर्थाचे उत्तर आले आणि प्रकरण तेथेच संपल्यासारखे झाले. पण न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखवायला डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत त्यांनी तेथे पडलेले जुने मासिक चाळले. त्यात हे पत्र होते! ही गोष्ट १८८० सालची. दवाखान्यात ताटकळत बसण्याचा असा उपयोग जगात क्वचितच कुणाला झाला असेल.

कार्पेंटरबाईंनी कल्याणच्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. मला या पत्रव्यवहारात एक वेगळीच गोष्ट दिसली. त्या काळात आनंदीबाईंची प्रकृती सतत बिघडत असे. डोके दुखे, ताप येई, अशक्तपणा जाणवे. हे त्या मावशीला कळवीत आणि मावशी समुद्रापलीकडून औषधे पाठवीत. त्या औषधांनी गुण आला नाही. पण दुखणे सांगायला त्यांना एक माणूस मिळाले, आणि तेही हजारो मैलांवर. हिंदुस्थानातल्या एका सुशिक्षित घरातल्या बाईला मनातले दुखणे सांगण्यासाठी अमेरिकेला पत्र लिहावे लागत होते.

सेरामपूरचे भाषण

आनंदीबाई परदेशी निघाल्या आहेत हे कळताच समाजात काहूर उठले. एका बाजूने सनातनी मंडळी, दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती हो आणि मग जा असे सुचवणारी मंडळी. अखेर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. वय अवघे सतरा, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान! वर्गात उभे राहून एक परिच्छेद वाचतानाही माझे पाय कापतात, म्हणून त्या सभागृहाची मला भीतीयुक्त नवलाई वाटते.

आपण अमेरिकेला का जात आहोत, हिंदुस्थानात शिकण्याची सोय का पुरेशी नाही, जातीने बहिष्कार घातला तर काय करणार, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. त्यांचा मुद्दा साधा होता. या देशात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण येथील स्त्रिया पुरुषापुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत. त्यांच्यासाठी शिकून येण्याचे काम मी अंगावर घेते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन.

आज रुग्णांचे समाधान हा विषय फार मोठा झालेला आहे. त्यासाठी कागद छापले जातात, २०१६ साली केंद्र सरकारने मेरा अस्पताल नावाची व्यवस्था सुरू करून मोबाइलवरूनही रुग्णांचे मत विचारायला प्रारंभ केला. हे स्वागतार्हच आहे. पण या विचाराचे मूळ मला सेरामपूरच्या त्या भाषणात दिसते. दवाखाना बांधला म्हणजे काम झाले असे नाही, रोग्याला तेथे यावेसे वाटले पाहिजे, आल्यावर बोलता आले पाहिजे, हे ओळखणारी ती सतरा वर्षांची मुलगी होती.

फिलाडेल्फियातील तीन वर्षे

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट निघाली. बरोबर नवरा नव्हता, काही मिशनरी स्त्रिया होत्या. ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. उन्हाळा मावशीच्या घरी गेला आणि शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. खास स्त्रियांसाठी १८५० साली निघालेले हे महाविद्यालय. त्याच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी या दूरदेशीच्या मुलीला शिष्यवृत्ती देऊन पदरात घेतले. जपानची केइ ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली याही त्याच काळात तेथे शिकत होत्या. तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला एकत्र फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडी नेसून बसलेल्या आहेत.

शाकाहार आणि साडी ही दोन्ही त्यांनी सांभाळली. मात्र नऊवारीत पाय उघडे पडून थंडी बाधते म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. तेथल्या कडाक्याच्या हिवाळ्याने आणि अपुऱ्या आहाराने मुळातली नाजूक प्रकृती आणखी ढासळत गेली. अभ्यास मात्र थांबला नाही. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाची आई आपल्या प्रबंधासाठी दुसरा विषय कशाला निवडील?

या शिक्षणातील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. फिलाडेल्फियाच्या त्या महाविद्यालयाच्या जोडीला स्त्रियांचे रुग्णालय होते. तेथे डॉक्टर स्त्रिया, रुग्ण स्त्रिया आणि शुश्रूषा करणाऱ्याही स्त्रियाच. पदवीनंतर आनंदीबाई काही काळ बॉस्टनच्या न्यू इंग्लंड रुग्णालयात अनुभवासाठी गेल्या. हेही स्त्रियांनी स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी चालवलेले. अमेरिकेत परिचारिकांना पद्धतशीर शिक्षण द्यायला ज्या थोड्या ठिकाणी पहिल्यांदा सुरुवात झाली, त्यांत हे रुग्णालय होते. १८७२ साली तेथे परिचारिकांचा वर्ग निघाला. त्याच्या बारा वर्षे आधी, १८६० साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढलेली होती. स्वच्छ हवा, उजेड, शांतता, वेळेवर अन्न आणि रोग्याच्या मनाला धीर, या गोष्टी औषधाइतक्याच मोलाच्या आहेत हे नाइटिंगेलबाईंनी जगाला पटवून दिले होते. शुश्रूषा हे शिकण्याचे शास्त्र आहे ही कल्पना तेव्हा जगालाच नवी होती. आपल्याकडे तर रोग्याचे अंग पुसणे, मळ काढणे ही कामे हलकी मानली जात.

डॉक्टर रुग्णापाशी दिवसातून काही मिनिटे असतो. परिचारिका रात्रंदिवस असते. रात्री कण्हण्याचा आवाज तिलाच ऐकू येतो. म्हणून रुग्णाला दवाखाना कसा वाटला, हे बऱ्याच अंशी सिस्टरच्या हातात असते. आजीच्या उशाशी बसलेल्या त्या बाई मला येथे पुन्हा आठवल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. याच वर्षी बंगालच्या कादंबिनी गांगुली यांनीही कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण पुरे केले. पाश्चात्त्य वैद्यकाच्या पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टर म्हणून ही दोन नावे आज एकत्र घेतली जातात.

डॉक्टर स्वतःच रुग्ण

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख नेमले. हेच रुग्णालय आज सी.पी.आर. या नावाने ओळखले जाते आणि पंचक्रोशीतील गोरगरिबांचा आधार आहे. ज्या कोल्हापुरातून अमेरिकेला ते पहिले पत्र गेले, त्याच कोल्हापुरात स्त्रियांचा वॉर्ड तिची वाट पाहत होता. पण नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या त्या आनंदीबाई क्षयाने पोखरलेल्या होत्या. कोल्हापूरला जाण्याऐवजी त्यांना पुण्याला आणावे लागले.

आता डॉक्टर आनंदीबाई स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या रोगी होत्या. समुद्र ओलांडून आलेल्या बाईवर उपचार करावेत की नाही, याविषयी काही वैद्यांनी का कू केले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. हे वाचताना माझे डोळे भरून आले. बायकांना लाजेपायी उपचार मिळत नाहीत म्हणून ही बाई जगाच्या टोकाला जाऊन शिकली, आणि परत आल्यावर तिलाच उपचारासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले! पण पूर्ण चित्र रंगवायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या पुण्यातून विरोधाची भीती होती, त्याच पुण्यात लोक तिला पाहायला, तिची विचारपूस करायला येत होते. लोकमान्य टिळकांनी तिच्या धैर्याचे कौतुक करून १०० रुपये मदत पाठवली. उपचार करणाऱ्यांनी पाठ फिरवली तेव्हा परकी माणसे चौकशीला आली. रुग्णाला दोन्ही लागतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

२६ फेब्रुवारी १८८७ च्या रात्री आनंदीबाईंनी डोळे मिटले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला जेमतेम महिना उरला होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आजही उभा आहे. जिच्यापाशी त्यांनी आपले दुखणे सांगितले, तिच्याच घरच्या माणसांत त्या विसावल्या.

न उघडलेला वॉर्ड

कोल्हापूरच्या त्या वॉर्डचा कारभार हाती घेण्याचा दिवस आनंदीबाईंच्या आयुष्यात उजाडलाच नाही. मग त्यांचे आयुष्य वाया गेले असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही.

त्या परतल्या त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रियांसाठी, आणि त्याची सूत्रे एडिथ पिची या स्त्री-डॉक्टरच्या हाती. पुढे १८८९ मध्ये रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या, परत येऊन त्यांनी सुरतेत आणि नंतर राजकोटला अनेक वर्षे स्त्रियांचे दवाखाने चालवले. सुरतेत आरंभी बायका बाळंतपणाला दवाखान्यात येईनात. तेव्हा त्यांची भीती घालवण्यासाठी रखमाबाईंनी एका गाभण शेळीला दवाखान्यात आणून तिचे बाळंतपण केले, अशी गोष्ट सांगतात. मोठी विद्या शिकून आलेल्या बाईलाही आधी रुग्णाचा विश्वास कमवावा लागतो, तो पदवीबरोबर मिळत नाही, हेच या गोष्टीचे सार. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथल्या मुली व विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्यांची शुश्रूषा करणे चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही, हा समज त्या बायकांनी मोडून काढला. आज कुठल्याही दवाखान्यात पांढऱ्या पोशाखातली सिस्टर खाटेपाशी येते, तिच्यामागे या साऱ्या जणींचा हात आहे. ही वाट आनंदीबाईंनी एकटीने बांधली असे मी म्हणणार नाही. पण मराठी मुलखातून त्या वाटेवर पहिले पाऊल त्यांनी टाकले.

महिला दिनाच्या आदल्या रात्री मी माझे भाषण आजीला वाचून दाखवले. तिने ते निमूटपणे ऐकून घेतले. संपल्यावर तिने मला एवढेच विचारले की त्या बाईचे पोर किती दिवसांचे होऊन गेले. दहा, मी म्हटले. मग थोड्या वेळाने ती सांगू लागली. माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. भातलावणीचे दिवस होते, सुईण शेजारच्या पाड्यावरून यायची होती, पनवेलला न्यायचे तर वाट चिखलाची. मुलगी आठ दिवसांनी गेली. तिचे नाव ठेवायचेही राहून गेले होते. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या वडिलांनाही नाही. इतकी वर्षे कुणी विचारलेच नाही, म्हणून आजीने सांगितले नाही.

आज आमच्या ओव्याच्या आसपास खारघरच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. दवाखाने झाले, रुग्णवाहिका झाल्या, रस्ते झाले. पन्नास वर्षांपूर्वीची आजीची अडचण आज राहिलेली नाही, याचा आनंद आहे. पण त्या अद्ययावत वॉर्डातही ती चार दिवस गप्प होती. म्हणून मला वाटते, रुग्णाच्या समाधानाचा कागद छापताना त्यात आणखी दोन-चार प्रश्न असावेत. तुमच्यापाशी कुणी बसून विचारपूस केली काय? तपासताना आडोसा केला होता काय? तुम्हाला काय झाले आहे, हे तुमच्या भाषेत कुणी समजावून सांगितले काय? सांगायचे राहून गेलेले काही आहे काय? आणि हा कागद भरून घेणारा माणूस दवाखान्याचा नसावा. पुन्हा याच दारी यावे लागेल या धास्तीने गरीब माणूस नेहमी बरे आहे असेच म्हणतो.

आपल्यातले पुष्कळ जण, माझ्याप्रमाणेच, आपापल्या घरातले पहिले शिकलेले आहेत. आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे कागद आपणच भरतो. केसपेपर लिहिताना घटकाभर थांबून त्यांना नीट विचारणे एवढे तरी आपल्या हाती आहे. त्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही.

आजीच्या त्या कागदाच्या तळाशी सूचनांसाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. रिक्षाच्या घाईत मी त्या तशाच कोऱ्या सोडल्या. रात्रपाळीच्या त्या सिस्टरबद्दल तेथे मी लिहायला हवे होते. ते आज येथे लिहिते आहे. त्यांचे नाव मला ठाऊक नाही, पण आनंदीबाईंना जी डॉक्टर व्हायचे होते, तिचे थोडेसे रूप मी त्या रात्री स्टूलवर बसलेले पाहिले.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!

(द्वितीय वर्ष कला)